आळ आणि उत्तर

मराठीत 'आळ' हा दोन अक्षरांचा शब्द आहे. पण तो ज्याच्यावर येतो, त्याला त्याचे ओझे कधीकधी जन्मभर वाहावे लागते. न केलेल्या कृत्याचा ठपका एखाद्याच्या माथी मारणे म्हणजे आळ घेणे. तोहमत, बालंट, कुभांड असे याच जातीचे आणखीही शब्द आपल्या भाषेत आहेत. ज्या गोष्टीसाठी भाषेला इतके शब्द लागतात, ती गोष्ट समाजात वारंवार घडत असली पाहिजे. गणेश चतुर्थीच्या रात्री चंद्र पाहू नये, पाहिल्यास चोरीचा आळ येतो, अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. ती खरी की खोटी, हा प्रश्न वेगळा. परंतु खोट्या आळाची भीती माणसाच्या मनात किती खोल रुजली आहे, हे या समजुतीवरून कळते.

मोठ्या गुन्ह्याचा खोटा आरोप आला, तर माणूस वकील गाठतो, नातेवाईक धावून येतात, चार लोक विचारपूस करतात. लहान आरोपाचे तसे होत नाही. दुकानाच्या गल्ल्यात शंभर रुपये कमी भरतात आणि संशय नोकरावर येतो. घरातील चांदीची वाटी सापडत नाही आणि घरकाम करणाऱ्या बाईची पिशवी उलटीपालटी केली जाते. वसतिगृहाच्या खिडकीची काच फुटते आणि जो मुलगा सर्वांत गरीब, त्याचेच नाव पुढे येते. अशा वेळी भोवतालची माणसे सल्ला देतात, 'एवढ्याशा गोष्टीसाठी वाद कशाला? पैसे देऊन टाक, माफी माग आणि मोकळा हो.' हा सल्ला मोठा व्यवहारी वाटतो. माझ्या मते तो चुकीचा आहे. अपराध लहान असला, तरी तो आपण केला नसेल, तर तो मान्य करू नये. आणि नाकारताना आवाज चढवण्याऐवजी तपशील मांडावा, हे मला या लेखात सांगायचे आहे.

हे सांगण्यासाठी मी तंजावरचे उदाहरण पुढे ठेवणार आहे. कावेरीच्या खोऱ्यातील या नगरात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत येथे भोसले घराणे नांदले. त्यांच्याबरोबर आलेली मराठी भाषा तमिळच्या शेजारी आजही काही घरांत बोलली जाते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तंजावरचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. हे लेखी नोंदींचे गाव आहे. येथील मंदिराच्या भिंती नोंदींनी भरलेल्या आहेत आणि सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांबरोबर मोडी लिपीतील दरबारी कागदही जपलेले आहेत. खोट्या आळाला उत्तर देताना नोंदीचे मोल काय असते, हे समजून घेण्यास यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

लहान आळ लहान का नसतो, हे आधी पाहू. शंभर रुपयांची चोरी मान्य करणाऱ्या नोकराचे नुकसान शंभर रुपयांवर थांबत नाही. त्या दिवसापासून दुकानात काहीही हरवले की नजर त्याच्याकडेच वळते. नवी नोकरी मागायला गेला, तर जुन्या मालकाचा शब्द त्याच्या आधी तेथे पोहोचलेला असतो. त्याची मुले शाळेत भांडली, तर त्यांनाही बापाचे नाव ऐकवले जाते. श्रीमंताचे नाव त्याच्या घरादारावर आणि ओळखीपाळखीवर उभे असते. हातावर पोट असणाऱ्याजवळ मात्र विश्वास हेच एक भांडवल असते. तेच गेले, तर उद्याच्या रोजगाराची वाट बंद होते. म्हणून गरिबावर आलेला लहान आळ हा पुष्कळदा त्याच्या आयुष्यातील मोठा आघात ठरतो.

आळ कोणावर येतो, हेही पाहण्यासारखे आहे. तो बहुधा परक्यावर, नव्यावर, दुबळ्यावर येतो. आपल्या देशात तर संपूर्ण जमातींवर कायद्यानेच आळ घेतला गेला होता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जमातींत जन्म घेणे हेच संशयाचे कारण ठरवले. पुढे १९११ च्या कायद्यानंतर मद्रास इलाख्यातही तो लागू झाला. ज्या माणसाने आयुष्यात काहीही चोरले नाही, त्यालाही ठरलेल्या वेळी पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. कायदा गेला, पण संशयाची नजर पूर्णपणे गेली असे म्हणता येत नाही. आजही गावाबाहेर पाल पडले आणि त्याच रात्री गावात चोरी झाली, तर पहिले बोट कोणाकडे दाखवले जाते, हे आपण जाणतो.

आता उत्तराकडे वळू. लहान आळाला कसे सामोरे जावे, हे सांगणाऱ्या दोन शाळकरी मुलांच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. पहिली लोकमान्य टिळकांची म्हणून महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वर्गात शेंगांची टरफले पडलेली होती आणि गुरुजींनी ती सर्वांना उचलायला सांगितली. बाळ टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या. त्यामुळे टरफले उचलण्यास त्यांनी नकार दिला. टरफले उचलणे हे काही कष्टाचे काम नव्हते. पण ते शिक्षा म्हणून उचलणे म्हणजे न केलेली चूक मान्य करणे होते. या गोष्टीचे मर्म एवढेच आहे.

दुसरी गोष्ट महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवली आहे. राजकोटच्या शाळेत मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी यांनी व्यायाम सक्तीचा केला होता. एका शनिवारी सकाळची शाळा आटोपून दुपारी चार वाजता मोहनदासला व्यायामासाठी परत जायचे होते. घरी तो आजारी वडिलांची सेवा करत असे. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते आणि आकाशात ढग असल्यामुळे वेळेचा अंदाज चुकला. तो पोहोचला तेव्हा सगळे निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली. त्याने घडले ते सांगितले. पण मुख्याध्यापकांना ते खोटे वाटले आणि त्यांनी त्याला एक-दोन आण्यांचा दंड केला. दंड क्षुल्लक होता. मुलाला रडू आले ते खोटेपणाचा शिक्का बसल्यामुळे. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध कसे करावे, हे त्याला सुचेना. त्या दुःखातून त्याने एक धडा घेतला: ज्याला सत्याने वागायचे आहे, त्याने सावधही असले पाहिजे. पुढे तो दंड माफ करून घेण्यात आपल्याला यश आले, असे अंधुक स्मरतेही, असे गांधीजी नमूद करतात.

या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. पहिली नकार द्यायला शिकवते. दुसरी सांगते की केवळ खरे असणे पुरेसे नाही. आपले खरेपण दुसऱ्याला दिसेल अशी व्यवस्थाही ठेवावी लागते. मोहनदासजवळ सत्य होते, पुरावा नव्हता. जगातील असंख्य निर्दोष माणसे याच अडचणीत सापडतात.

खोटा आळ आला की माणूस साधारणपणे दोन प्रकारे वागतो. एक तर तो गप्प बसतो. त्याला वाटते, आपण काही केले नाही, मग बोलायचे कशाला? देव पाहतो आहे! किंवा तो मालकाच्या, अधिकाऱ्याच्या धाकाने मान खाली घालतो. परंतु आपल्या समाजात मौन म्हणजे संमती असा अर्थ लावण्याची रीत आहे. गप्प बसलेला माणूस अपराधी समजला जातो. दुसरा प्रकार संतापाचा. निर्दोष माणसाला राग येणे अगदी स्वाभाविक आहे. पण रागाच्या भरात तो शिव्या देतो, मुलाबाळांच्या शपथा घेतो, कधी अंगावर धावून जातो. मग मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि त्याचे वागणे हाच नवा अपराध ठरतो. ज्याने चोरी केलेली नसते, त्याच्यावर मारामारीची तक्रार मात्र खरी ठरते. शपथेचेही तसेच. शपथ खोटा माणूसही घेऊ शकतो. म्हणून शपथेने संशय फिटत नाही.

या दोन्ही वाटा टाळून जाणारी तिसरी वाट तपशिलाची आहे. ती समजण्यासाठी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराकडे पाहावे. राजराज चोळ याने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या दगडी पायथ्यावर आणि भिंतींवर तमिळ भाषेतील शिलालेख आहेत. राजाने, त्याची बहीण कुंदवै हिने, राण्यांनी आणि अधिकाऱ्यांनी देवाला कोणते दागिने अर्पण केले, हे त्यांत कोरले आहे. केवळ 'एक हार दिला' असे म्हणून लेख थांबत नाही. हारात मोती किती, ते कोणत्या प्रकारचे, रत्ने किती, आणि सगळ्यांचे वजन किती, हे त्यात सांगितलेले असते. सोने 'आडवल्लान' नावाच्या ठरावीक वजनाने तोलले, हेही नोंदवलेले असते. या लेखांमुळे दात्यांची कीर्ती टिकली, हे तर खरेच. पण मला त्यांत आणखी एक लाभ दिसतो. ज्या भांडारात प्रत्येक मोत्याची मोजदाद आहे, तेथील भांडारपालावर उगाच आळ घेणे कठीण असते. काटेकोर नोंद संपत्तीचे रक्षण करते, तसेच ती संपत्ती सांभाळणाऱ्या माणसाच्या नावाचेही रक्षण करते.

नोंद नसली, तपशील तपासला नाही, तर काय होते, हे याच कावेरीकाठच्या एका प्राचीन कथेत सांगितले आहे. इळंगो अडिगळ यांच्या नावावर असलेले 'शिलप्पदिकारम्' हे तमिळ महाकाव्य नूपुराची कथा सांगते. कथेचा नायक कोवलन् हा पुहारचा व्यापारी. कावेरी जेथे समुद्राला मिळते तेथील हे बंदर. पूर्वी तो भाग तंजावर जिल्ह्यातच होता. सर्व संपत्ती गमावलेला कोवलन् पत्नी कण्णगीसह मदुरेला जातो आणि तिच्या पायातील एक नूपुर विकायला बाजारात नेतो. राणीचे नूपुर स्वतःच चोरलेला सोनार ही संधी साधतो आणि चोर सापडला म्हणून राजाला वर्दी देतो. पांड्य राजा चौकशी न करता शिक्षा फर्मावतो आणि कोवलन् मारला जातो. नंतर कण्णगी दुसरे नूपुर घेऊन दरबारात येते. राणीच्या नूपुरात मोती आहेत, तिच्या नूपुरात माणके. ती ते फोडते आणि आतून माणूक बाहेर पडते. आपल्या हातून घडलेला अन्याय राजाला उमगतो आणि त्या धक्क्याने तो प्राण सोडतो.

या कथेत कण्णगीचा शोक आणि संताप अपार आहे. पण राजाला निरुत्तर केले ते नूपुराच्या आतील खड्याने. हाच प्रश्न शिक्षेच्या आधी विचारला असता, 'दोन्ही नूपुरे उघडून पाहा' असे कोणी म्हटले असते, तर एक जीव वाचला असता. बाजारातील अनोळखी, परगावचा, गरीब झालेला माणूस चोरच असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. आळ घेणाऱ्याने घाई केली आणि ऐकणाऱ्याने पडताळणी केली नाही. आपल्या गल्लीतल्या, दुकानातल्या लहान आळांचीही कहाणी याहून वेगळी नसते. फक्त त्यांचे परिणाम इतके भयंकर दिसत नाहीत.

तपशिलाबरोबर साक्षीदार आणि जागा यांचेही महत्त्व आहे. चतुर्थीच्या चंद्राशी जोडलेली स्यमंतक मण्याची कथा आपल्या परिचयाची आहे. सत्राजिताचा मणी अंगावर घालून त्याचा भाऊ प्रसेन शिकारीला गेला आणि परत आलाच नाही. मण्यासाठी कृष्णानेच त्याला मारले असावे, अशी कुजबुज द्वारकेत सुरू झाली. भागवतात कृष्ण काय करतो? तो आपल्या थोरवीचा दाखला देत नाही. तो नगरातील लोकांना बरोबर घेऊन प्रसेनाच्या मागावर निघतो. मेलेला घोडा, मेलेला सिंह, जांबवानाची गुहा असा माग काढत तो मणी मिळवतो. परत आल्यावर तो मणी गुपचूप देऊन टाकत नाही. सत्राजिताला भर सभेत बोलावतो, मणी कसा मिळाला हे सांगतो आणि सर्वांसमक्ष तो त्याच्या हाती ठेवतो. ज्या लोकांत आळ पसरला, त्याच लोकांत त्याचे निरसन झाले. हा क्रम फार शहाणपणाचा आहे. चारचौघांत घेतलेला आळ एकांतातल्या खुलाशाने पुसला जात नाही.

आता दुकानातील नोकराकडे परत येऊ. समजा, तंजावरच्या एका कापडाच्या दुकानात रात्री हिशेब करताना रक्कम कमी भरली आणि सकाळी मालकांनी सर्वांसमोर नोकराला विचारले. तो असे उत्तर देऊ शकतो: "मालक, मी हे पैसे घेतलेले नाहीत. काल सायंकाळी सात वाजता गल्ल्याची चावी मी तुमच्या हाती दिली. त्या वेळी हिशेबनीस येथे होते, त्यांना विचारावे. दिवसभराच्या पावत्या पुन्हा मोजाव्यात, मी मदत करतो. पण न घेतलेले पैसे मी भरून देणार नाही." या उत्तरात उद्धटपणा नाही, लाचारीही नाही. स्पष्ट नकार आहे, वेळ आहे, साक्षीदार आहे आणि पडताळणीची वाट दाखवलेली आहे. कदाचित मालकांचे समाधान होणार नाही. तरीही ऐकणाऱ्या चौघांच्या मनात एक गोष्ट राहील: या माणसाने तपासाला भिऊन पळ काढला नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सारे बोलायला सोपे आहे. शंभर रुपयांच्या दंडासाठी चार दिवसांची मजुरी बुडवून खेटे घालणे गरिबाला परवडते का? हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. काही वेळा माणूस नाइलाजाने पैसे भरतो. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु पैसे भरणे आणि अपराध मान्य करणे यांत फरक आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या काही किरकोळ गुन्ह्यांत न्यायालयात हजर न होता, टपालाने गुन्हा कबूल करून दंड भरण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. ज्याने खरोखर चूक केली आहे, त्याच्यासाठी ती सोयीची आहे. निर्दोष माणसाने मात्र तो कागद पाठवण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. कारण ती केवळ पैशांची पावती नसते, ती अपराधाची कबुली असते.

येथे शिक्षणाचा संबंध येतो. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यापुढे कोणीही कागद ठेवतो आणि 'येथे अंगठा लाव' म्हणतो. त्यावर 'मी चोरी केली' असे लिहिले आहे की 'मी पगार घेतला' असे, हे त्याला कळत नाही. परक्या भाषेच्या प्रांतात पोट भरायला गेलेल्या शिकलेल्या माणसाचीही हीच गत होते. महाराष्ट्रातून तमिळनाडूत गेलेला मजूर आणि तमिळनाडूतून मुंबईत आलेला मजूर, दोघेही तेथल्या कागदापुढे निरक्षरच असतात. म्हणून नियम एकच: जो मजकूर आपण वाचला नाही किंवा विश्वासू माणसाने आपल्या भाषेत समजावून सांगितला नाही, त्यावर सही किंवा अंगठा करू नये. पोलीस तपासात घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये, असे कायदाच सांगतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली सामान्यतः न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हा तर राज्यघटनेच्या कलम २० मधील मूलभूत हक्क आहे.

आणखीही काही गोष्टी प्रत्येकाला माहीत असाव्यात. घरमालक किंवा दुकानमालक संशयावरून कोणाला कोंडून ठेवू शकत नाही. तसे करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसांनी अटक केल्यास कारण सांगणे आणि वकिलाचा सल्ला घेऊ देणे बंधनकारक आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी लागते. वकिलासाठी पैसे नसतील, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत मदत मिळते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करून अशा मदतीची माहिती विचारता येते. जाणूनबुजून, एखाद्याला इजा पोहोचवण्याच्या हेतूने खोटा आरोप करणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ नुसार गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पण अशी तरतूद जुन्या दंडसंहितेतही होती. मात्र आपल्यावर संशय घेणारा प्रत्येक जण दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो घाईत असतो, घाबरलेला असतो किंवा त्याची स्मृती त्याला फसवते. त्याला पुनर्विचाराची संधी द्यावी; त्यातून आपलेच काम सोपे होते.

तपशील मांडूनही लगेच न्याय मिळतोच असे नाही. अशा वेळी धीर लागतो. तंजावरच्या सरफोजीराजांचे उदाहरण येथे आठवते. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि लवकरच राजांचे निधन झाले. दत्तकाविरुद्ध आक्षेप निघाले: मुलगा आईबापांचा एकुलता एक आहे, त्याचे वय अधिक आहे, नाते दूरचे आहे. शास्त्र्यांचा कौल विरुद्ध गेला आणि तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. हा चोरीमारीचा आरोप नव्हता. पण दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर 'तू खरा वारस नाहीस' असा शिक्का बसला होता. १७९३ मध्ये त्यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलवण्यात आले. तेथे त्यांनी विद्याभ्यास चालू ठेवला. मिशनरी श्वार्त्झ यांनी त्यांची बाजू लावून धरली, लेखी अर्ज गेले, शास्त्र्यांची मते नव्याने मागवली गेली आणि दत्तविधान वैध ठरले. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. या निर्णयामागे ईस्ट इंडिया कंपनीचे राजकारणही होते, हे विसरता येत नाही. तरीही अकरा वर्षे दावा न सोडता, न डगमगता, कागदाने आणि शास्त्राधाराने तो पुढे मांडत राहणे, ही शिकण्यासारखी गोष्ट आहे. याच सरफोजीराजांनी पुढे सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले आणि १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून घेतला. लेखी शब्दाचे बळ त्यांनी ओळखले होते.

शेवटी, आपण नेहमीच आळ सोसणाऱ्यांच्या बाजूला असतो असे नाही. कधी आपणही मालक, शिक्षक, शेजारी किंवा नुसते ऐकणारे असतो. त्या वेळी आपली जबाबदारी अधिक आहे. वस्तू हरवली, तर माणसाचे नाव घेण्याआधी घरात चार ठिकाणी शोध घ्यावा. विचारायचेच झाले, तर एकांतात आणि सर्वांना सारखेच विचारावे. सर्वांत दुबळ्याला आधी विचारू नये. कोणी आळाची बातमी सांगितली, तर 'पुरावा काय?' हा एक प्रश्न विचारावा. आणि संशय खोटा ठरला, तर ज्या जागी, ज्या लोकांसमोर आपण तो घेतला, त्याच जागी, त्याच लोकांसमोर दिलगिरी व्यक्त करावी. अशी दिलगिरी दिल्याने मोठ्या माणसाची पत कमी होत नाही. लहान माणसाची गेलेली पत मात्र परत येते.

घामाने मिळवलेला पैसा चोरीला गेला, तर तो पुन्हा मिळवता येतो. गेलेले नाव मिळवायला फार काळ लागतो. म्हणून न केलेल्या अपराधाचा, मग तो कितीही लहान असो, नम्रपणे आणि ठामपणे इन्कार करणे हा हट्ट नव्हे. ते स्वतःविषयीचे आणि सत्याविषयीचे कर्तव्य आहे. पगाराची चिठ्ठी, खरेदीची पावती, प्रवासाचे तिकीट, कामाच्या वेळेची वहीतील एक ओळ, एवढे जपून ठेवण्याची सवय आजपासून लावून घेता येईल. ज्याला अक्षर लिहिता आले, त्याच्या हाती स्वतःच्या निर्दोषत्वाची नोंद ठेवण्याचे साधन आले आहे. त्याने ते वापरावे.